कापलेला वाळा

भिवंडीतल्या जुन्या सामानाच्या दुकानांत मी लहान मुलांचे दागिने शोधत हिंडते. मुलगा म्हणतो, आईला भंगाराचा नाद लागलाय. लागलाय तर लागलाय. बंद पंखे, मिक्सरची भांडी आणि पितळी खलबत्ते यांच्या ढिगाखालून चांदीचा जुना वाळा हाती आला की माझा दिवस चांगला जातो. त्यातही कापलेला वाळा मला फार आवडतो. माझी आई सांगायची, पोराचा पाय भरला की वाळा टाचेवरून निघत नाही, मग सोनार तो कापतो. कापलेला वाळा म्हणजे वाढलेलं लेकरू. असे वाळे मी कधी घासत नाही. नक्षीतला मळ गेला की जुनेपणही गेलं.

गेल्या वर्षी कामतघरच्या एका दुकानात तसाच वाळा मिळाला. जाड, एका जागी कापलेला, खाचांत काळपट तांबूस मळ. आजच सकाळी आलाय, एकच आहे, असं दुकानदार म्हणाला. मी अंगठ्याने मळ चोळून पाहिला. तो हलेना, तेव्हा मी मनातल्या मनात खूश झाले. वाळा विकत घेऊन मुठीत धरला, तेवढ्यात एक बाई नवऱ्याला कॉलरला धरून ओढत आत आली. कडेवर दीड-दोन वर्षांची पोर होती.

पोरीचा वाळा कुठंय, असं तिने विचारलं. दुकानदाराने कानावर हात ठेवले, पण त्याची नजर माझ्या मुठीकडे गेली. बाईनेही ते पाहिलं. ती माझ्याकडे वळली तसा नवऱ्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. ती कपाटावर आदळली, पण पोर सोडली नाही. खाली पडलेला बत्ता उचलून तिने त्याच्या खांद्यावर हाणला. त्याने तिचे केस धरले आणि डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. दुकानदार काचा सांभाळत उभा.

माझं डोकं फिरलं. ढिगातला लोखंडी तवा उचलला आणि नवऱ्याच्या कोपरावर घातला. खोटं कशाला बोलू, हाडावरचा तो आवाज मला गोड लागला. त्याने केस सोडले. मग दुसरा घाव घातला, त्याची काही गरज नव्हती. तो शिव्या देत, हात धरून रस्त्यावर पळाला. या वयात एवढा जोर माझ्यात कुठून आला, कुणास ठाऊक. मला शौर्य गाजवल्यासारखं वाटत होतं.

मी मूठ उघडून वाळा तिच्यापुढे धरला. तिच्या ओठातून रक्त गळत होतं. ती म्हणाली, वाळा तिच्या आजीचा होता; आजीनंतर आईने घातला, मग तिने. तिने तो घेतला आणि पोरीच्या पायाजवळ नेला. इतका वेळ गप्प असलेली पोर किंचाळली आणि लाथा मारायला लागली. तेव्हा मला तिच्या घोट्यावरची चिंधी दिसली.

“मी शिफ्टला व्हते,” बाई म्हणाली. “पोर झोपलेली. वाळा निघंना, म्हून ह्यानं पकडीनं कापला. संगं पायबी कापला.”

मग तिने अंगठ्याने खाचेतला मळ चोळला. माझ्याकडे पाहून विचारलं, “तुमी हातात घेतलाव ना? तुमाला रगत दिसलं न्हाय?”

मी माझा अंगठा पदराला पुसला. वाळा पदरात बांधून ती पोरीला घेऊन निघून गेली.

घरी येऊन मी डब्यातले सगळे कापलेले वाळे चिंचेच्या पाण्यात टाकले आणि बोटं दुखेपर्यंत घासले. पाणी तांबूस झालं. चिंचेचं पाणी तांबूसच असतं, हे मला कळतं. तरी ते मोरीत ओतताना मी दुसरीकडे बघत होते.