दोन गाठींची मुंगी

कंबरेच्या गाठी मोजल्याशिवाय मुंगीचं नाव घेऊ नये, हे मी अमरावतीच्या कॉलेजात पोरांना दरवर्षी सांगत आलो. वरूडला सासऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत मात्र मी स्वतःच न मोजता घेतलं.

वऱ्हाडात शेती खचत चालली होती, त्या वर्षांतली गोष्ट. बोअर आटत होती, तरी सासरे बाग धरून होते. मी पोचलो तेव्हा ते झाडाच्या भोकात तार घालून साल खाणारी अळी ओढून काढत होते. मी वाळक्या फांदीला हात लावला, तर काळ्या डोक्याची, तांबड्या पाठीची लांबट मुंगी निघाली आणि डसली. बोट चोखत मी निकाल दिला, "बाबा, हे मुंगळेच झाड पोखरून राहिले. अळीच्या मागं काय लागता? मुंगळ्यांचं औषध मारा."

शेजारचे दोघे ऐकत होते. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं. "बरं जवाईबापू," म्हणाले आणि तार खिशात घातली.

दोन हंगाम फवारा चालला. मुंग्या मेल्या, झाडं वाळतच गेली. शेवटी बाग तोडली. खोडं ट्रॅक्टरमध्ये भरून जळणाला गेली.

एक वाळकी फांदी मी घरी आणली. अभ्यासासाठी! आतली मेलेली मुंगी भिंगाखाली धरली. मुंगळ्याच्या कंबरेला एक गाठ असते, हिला दोन. डोळे मोठे, अंग सुतासारखं. ही झाडावर राहणारी टेट्रापोनेरा. ती ताजं लाकूड पोखरत नाही. दुसऱ्या किड्यांनी सोडलेल्या भोकात राहते, बारीक किडे मारून खाते. भाडेकरूला मी चोर ठरवलं होतं, आणि चोर आत बसून जेवत होता.

मी मुंगी टाचणीला लावली, सुबक अक्षरात नावाची चिठ्ठी जोडली आणि बायकोला दाखवायला नेली. माझ्या उत्साहाला काळवेळ कळत नाही.

"बाबांना हे आधी माहीत असतं, तर बाग वाचली असती," मी म्हणालो.

तिनं भाजी चिरायची थांबवली. "त्यायले माईतच होतं. तीस वर्षं बाग केली त्यायनं."

"मग बोलले काहून नाही?"

"मी बी हेच विचारलं. म्हणे, जवाई एवढा शिकेल माणूस, चारचौघांत त्याचा शब्द कसा पाडू?" ती पुन्हा भाजीकडे वळली. "थे चिठ्ठी आता त्यायले दाखवू नोका."