आतली खोली, बाल्कनीची खोली आणि आक्काची पाचची गाडी

भर समुद्रातून निपाणीची पाचची गाडी पकडता येत नाही. खरं सांगायचं तर एवढ्या एका कारणासाठी मी क्रूझचं बुकिंग केलं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चौथीत होते, आणि त्याच महिन्यात आक्का निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत कामाला लागली. बावीस वर्षं तिनं तिथं तंबाखू चाळला. त्यातून माझं डी.एड. झालं, लग्न झालं. तिचं लग्न मात्र राहूनच गेलं. मी बेळगावात शिक्षिका झाले, तिथंच गावाबाहेर पिरनवाडीत घर बांधलं आणि घरात एक खोली खास आक्कासाठी काढली. मागच्या बाजूला, रस्त्याचा आवाज येणार नाही अशी. एसी बसवला, जाड पडदे लावले. आमच्या बेडरूमला आजही पंखाच आहे, यावरून काय ते समजा.

आणि आक्का? सकाळी निपाणीहून यायची, दुपारी माझ्या स्वयंपाकघरात घुसून माझ्या आधी आमटीला फोडणी द्यायची आणि साडेचार वाजले की पिशवी उचलायची. "जातो गं. पाचची गाडी हाय." आमच्याकडच्या बायका अशाच ‘जातो’, ‘येतो’ म्हणतात. बारा वर्षांत ती एकदाही मुक्कामाला राहिली नाही. मागच्या दिवाळीत माझा तोल सुटला. म्हटलं, "माझ्या घरात झोपलीस तर अंगाला काटे टोचतात काय तुला?" ती नुसती चप्पल घालत म्हणाली, "तसं न्हाय गं सुमे." आणि गेली. मी दोन दिवस जेवले नाही नीट.

तेव्हाच ठरवलं, हिला अशा ठिकाणी न्यायचं जिथून उठून जाताच येणार नाही. तीन रात्री एका छताखाली. बघू कशी जाते!

आमचे हे हसत सुटले. "बेळगावातून गोवा तीन तासांवर. तू रात्रभर बसनं मुंबईला जाणार, आणि तिथून बोटीनं गोव्याला येणार?" व्हय, जाणार. आमची बोट मुंबईहून निघून गोव्याला जाऊन परत मुंबईला येणारी होती आणि मुंबईच्या वाटेवर निपाणी लागतं, म्हणजे आक्काला उचलणं सोपं.

आता मुद्द्याचं, कारण तुमच्यापैकी निम्मे लोक हेच विचारायला आलेले असणार: खोली कुठली घ्यायची? बेळगावच्या खडेबाजारातल्या एजंटनं बोटीचा नकाशा टेबलावर पसरला आणि चार प्रकार सांगितले. सगळ्यात स्वस्त आतली खोली, चारी बाजूंनी भिंती. मग समुद्र दिसणारी, म्हणजे काचेची खिडकी असलेली. मग बाल्कनीची, तिचा भाव आतल्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट. आणि मग सुईट, ज्याचा आकडा ऐकून मी त्याला पुढचं पान उलटायला सांगितलं. भाव रोज बदलतात, म्हणून इथं लिहीत नाही. बोट लागणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमध असलेली खोली मागावी, तिथं हलणं कमी जाणवतं. नाचगाण्याच्या हॉलखालची खोली कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

"खोलीत झोपायलाच तर जायचं. डोळे मिटल्यावर खिडकी काय करायचीय?" असं ह्यांचं मत. मलाही पटलं. उलट मी म्हटलं, आतली खोली म्हणजे गार, शांत, अंधारी. आक्काला गाढ झोप लागेल. वाचलेल्या पैशांत गोव्याची सहल आधीच भरून टाकली आणि आक्काला चालायचे बूट घेतले. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

आक्कानं फक्त एक प्रश्न विचारला, तोही बसबद्दल. "खिडकी उघडती न्हवं?" मला वाटलं, तिला एसीचा गारठा सोसत नसेल. म्हणून बिनएसीची स्लीपर घेतली. संध्याकाळी बेळगाव सुटलं, दीड तासानं निपाणीला हायवेवर आक्का चढली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भडंगाचा डबा. चढल्या चढल्या तिनं खिडकी सरकवली, ती पार मुंबईपर्यंत उघडीच. सकाळी माझे केस बघून टॅक्सीवाला दचकला.

बंदरावर दुपारी बाराला आत घेतात. आधारकार्ड हातात ठेवा. मोठी बॅग ते आधीच घेतात आणि खोलीपाशी आणून ठेवतात. घरचं खाणं मात्र आत नेऊ देत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. भडंगाचा डबा टेबलावर अडला. तिथला माणूस म्हणाला, "इथंच संपवा नाहीतर टाकून द्या." टाकून? आक्कानं तिथंच बाकावर डबा उघडला आणि रांगेतल्या लोकांच्या हातावर मूठ मूठ भडंग ठेवायला सुरुवात केली. पुढचे तीन दिवस बोटीवर जो तो तिला "भडंगवाल्या आक्का" म्हणून हाक मारत होता.

खोली पाहून मी हरखले. लहान, पण चकाचक. दोन पलंग, आरसा, इवलं न्हाणीघर. एका भिंतीवर छान निळा पडदा. आक्का सरळ त्या पडद्याकडे गेली आणि तिनं तो बाजूला सारला. मागं भिंत.

"आगं, पडदा हाय. खिडकी कुठं हाय?"

"आतली खोली आहे ही. खिडकी नसतेच. पडदा आपला शोभेला."

आक्का त्या भिंतीकडं जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं हाय. गार हाय." आणि वर डेकवर निघून गेली.

जेवण भरपूर, दहा तऱ्हेचं; मी तीनदा ताट भरलं. आडवी झाले ती डोळा लागला. जाग आली तर खोलीचं दार सताड उघडं. दाराला आमची बॅग टेकू म्हणून लावलेली, उंबऱ्यात खुर्ची आणि खुर्चीवर आक्का, पाय बाहेर बोळात पसरून. येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस चाललेली. "जेवलासा काय? कुठलं म्हणायचं तुम्ही?"

"आक्का! ही काय आपली गल्ली आहे?"

"मग काय झालं? मानसंच हायती की."

तेवढ्यात आमच्या मजल्यावरचा खोल्या आवरणारा माणूस आला. कारवारकडचा, माझ्याच वयाचा. हात जोडून म्हणाला, आगीसाठीचा नियम आहे, दार उघडं ठेवता येत नाही. तो कन्नड बोलतो हे कळताच आक्का कन्नडवर आली. "बागला हाकब्याडप्पा," म्हणजे दार लावू नको रे बाबा. त्यानंही प्रेमानंच समजावलं, पण बॅग आत घेतली. दार आपोआप बंद झालं. एसीच्या त्या गारव्यात आक्काच्या कपाळावर घाम होता, हे मी पाहिलं. पाहिलं आणि तरी तिलाच बोलले. चार लोकांत शोभतं का, नियम कळत नाहीत का, एवढे पैसे घालून आणलंय... नको नको ते बोलले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "जरा वारं खाऊन येतो."

रात्री नाटक बघून मी दमून झोपले. ती म्हणाली, तू झोप, मी येतोच. सकाळी साडेपाचला डोळे उघडले तर शेजारच्या पलंगावरची चादर तशीच ताठ, एक सुरकुती नाही.

बोटीवर माणूस नाही म्हणजे कुठं असणार? अनवाणी धावले. जिन्यात तोच कारवारवाला भेटला. मी काही विचारायच्या आत त्यानं वर बोट दाखवलं.

उघड्या डेकवर एका लांब आरामखुर्चीत, डोक्यावरून शाल घेऊन, आक्का चहा पीत बसली होती. समोर नुकतं फटफटत होतं. मला रडूही आलं आणि रागही. "जीव घेशील माझा! रात्रभर इथं? एवढी मी नकोशी झाले तुला? खोलीत सुद्धा नको?"

तिनं मला हाताला धरून बसवलं. चहाचा कप माझ्या हातात दिला.

"सुमे, वखारीचं दार सकाळी लागलं की सांच्यालाच उघडायचं. खिडक्या बी बंद. वारं आलं की तंबाखू उडतोय न्हवं. नाकावर पदर, आणि आत आम्ही चाळीस बायका. बावीस वर्सं. आता वखार सुटली, पण अजून दार लागलं की छाती भरती बघ. धूळ नसती, तरी ठसका येतोय. मला दाराच्या आत झोप लागत न्हाय गं."

निपाणीच्या घरात आक्का कायम पुढच्या सोप्यात झोपायची, पुढचं दार उघडं टाकून. मला लहानपणापासून वाटायचं, ती आमची राखण करते.

"मग माझ्याकडची खोली?" मी विचारलं.

"बघ की. मागल्या अंगाला, पडदं लावलेली, दार लावून एसी. किती हौसेनं केलीस. दुपारी पाच मिंटं पडून बघितलो एकदा. न्हाय जमलं." ती समुद्राकडं बघत म्हणाली. "बहिनीनं एवढं केलं आणि तिला कसं सांगू, की ही मला वखारीवानी वाटती म्हणून?"

बारा वर्षं! बारा वर्षं मी या बाईवर रुसत होते, आणि ती माझं मन राखायला पाचच्या गाडीनं धक्के खात जात होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिथंच भोकाड पसरलं. शेजारी योगासनं करणारे दोघे गृहस्थ हळूच उठून दुसरीकडं गेले.

सात वाजता स्वागत-कक्षाच्या खिडकीपुढं मी पहिली. खिडकीची खोली लगेच मिळत होती. मागून आक्का म्हणाली, "इचार, उघडती काय?" नाही, काच पक्की बसवलेली असते. हे लक्षात ठेवा, बुकिंग करताना कुणी सांगत नाही. बाल्कनीची एकच खोली उरली होती, बोटीच्या शेपटाकडं, जिथं इंजिनची घरघर येते. फरकाचे पैसे भरले. ह्यांना फोन लावून सांगितलं तर म्हणाले, "भरलेस ते बरं केलंस."

कारवारवाल्यानंच बॅगा पोहोचवल्या. बाल्कनीचं दार सरकवलं की एसी आपोआप बंद होतो. ज्यांना गारवा हवा त्यांच्यासाठी हे गैरसोयीचं, आमच्यासाठी सोन्याहून पिवळं. खारा वारा थेट पलंगापर्यंत आला. आक्का म्हणाली, "जरा पाठ टेकतो." आणि टेकली ती टेकलीच.

नऊ वाजता गोवा आलं. सहलीची बस वाट बघत होती, पैसे भरलेले होते, माईकवरून आमची नावंही पुकारली. मी हलले नाही. गोवा काय, पुढच्या रविवारीही जाऊन येता येईल. मी बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून आक्काचं घोरणं ऐकत होते. पन्नास वर्षांच्या आयुष्यात मी तिला दिवसा झोपलेली पहिल्यांदाच पाहत होते. दुपारी दोनला उठली आणि ओशाळून म्हणाली, "आगं, गोवा गेलं की!" मग आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या बाल्कनीतल्या बाई डोकावून बघायला लागल्या.

पुढच्या दोन्ही रात्री ती पलंगावर झोपली. बाल्कनीच्या दाराकडं उशी करून.

तर खोली कुठली घ्यावी? आतल्या खोलीत मजेत राहिलेले लोक आम्हाला बोटीवर भेटले, त्यांनी पैसे वाचवले, छान केलं. माझं एवढंच सांगणं, की नकाशा समोर पसरलेला असताना ज्याला न्यायचंय त्याला शेजारी बसवा आणि तुला झोप कशी लागते, हे त्यालाच विचारा. मी एजंटला विचारलं, नवऱ्याला विचारलं. आक्काला विचारलं नाही.

येताना आक्का निपाणीला उतरली. घरी आल्यावर मी ह्यांना हाताशी घेतलं, मागच्या खोलीतला पलंग ओढत पुढच्या पडवीत आणला, जाळीच्या दारापाशी. एसीच्या खोलीत आता तांदळाची पोती आहेत.

परवा आक्का आली. फोडणी दिली, जेवली. साडेचारला पिशवी उचलून बाहेर आली आणि पडवीत थबकली. पलंगाकडं बघितलं, जाळीच्या दाराकडं बघितलं. मी आतच भांडी घासत राहिले. बऱ्याच वेळानं बाहेरून आवाज आला, "सुमे, पाचची गाडी गेली असंल गं आता."

"गेली असेल," मी म्हटलं.

हे लिहितेय तेव्हा सकाळचे सात वाजलेत. पडवीत आक्का अजून घोरतेय. दूध आणायला ह्यांना मी मागच्या दारानं पाठवलंय.