दुर्बीण बघायला असते

तळवली गावातली एकही गोष्ट आमच्या घरमालक काकांच्या नजरेतून सुटत नसे. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत, गळ्यात जुनी दुर्बीण अडकवून ते बसलेले असत. कोणाची टाकी भरून वाहते आहे, खाडीत कोणाची होडी शिरते आहे, हे त्यांना त्या-त्या मालकाच्या आधी कळे आणि त्यांच्या आवाजामुळे लगेच साऱ्या आळीला कळे. मी बेलापूरच्या ऑफिसातून परतताना वळणावर दिसलो की वरून हाक येई, "ए ग्राजुएट, आज उशीर केलास!" आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. गावाकडे माझ्या पदवीचं कौतुक दोन दिवस टिकलं. तळवलीत ते रोज तिसऱ्या मजल्यावरून होई. मला संकोच वाटे, आणि खरं सांगायचं तर छातीही फुगे. कधी ते दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावत आणि मधलं चाक स्वतः फिरवत विचारत, "काय दिसतं, सांग मना." होडीतल्या माणसाच्या टोपीचा रंग सांगेपर्यंत त्यांचा हात चाकावरून हलत नसे.

त्यांचं खाणंपिणंही जगावेगळं. चहा चुलीवरून उतरला की दोन घोटांत संपला पाहिजे. मी फुंकर मारू लागलो की म्हणत, "लेकराचा दूध हाय काय रं, फुकून प्यायला?" बोई माशाचं कालवण तर ते असं जेवत, की काटे कुठे जातात हे त्यांच्या दुर्बिणीलाही सापडलं नसतं. मला कावीळ झाली तेव्हा तीन आठवडे याच घरातून माझ्यासाठी पेज आली. मी काकांच्या पंगतीतला झालो तो तेव्हापासून. म्हणूनच मागच्या वर्षी ते एकेक घास चावून, प्रत्येक घासाला पाणी पिऊन जेवू लागले, तेव्हा मी शाळेतल्या मास्तरांसारखा म्हणालो, "काका, आता कसं शहाण्यासारखं जेवता!" काकी हसल्या. काकाही हसले आणि उरलेली भाकरी त्यांनी हळूच बाजूला सरकवली.

पुढे घास अडकू लागला, तेव्हा घशातून नळी घालून तपासणी झाली. सगळे तिला दुर्बीणच म्हणत होते. अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ निघाली. आधी औषधं आणि किरणांचा शेक, मग ऑपरेशन असं ठरलं. सर्जनांनी अर्ध्या इंग्रजीत सगळं समजावलं: छातीला आणि पोटाला बारीक छिद्रं पाडायची, कॅमेऱ्यात बघत रोगट अन्ननलिका काढायची, जठराची नळी करून वर मानेपर्यंत आणायची. जखमा लहान, माणूस लवकर उठून बसतो. पण ऑपरेशन मोठंच, आणि ते टाळून चालणार नाही. मी सगळं वहीत लिहून घेतलं. बाहेर जिन्यात काकांनी विचारलं, "काय बोलला?" एवढ्या आडव्या माणसाचा चेहरा मुठीएवढा झाला होता. मला तो बघवेना. मी म्हणालो, "काही नाही काका, दुर्बिणीचं आहे. चार-पाच बारीक भोकं." त्यांचा चेहरा खुलला. बाकीचं सगळं वहीतच राहिलं.

औषधांनी गिळणं सुधारलं. ऑपरेशनसाठी भरती व्हायच्या दिवशी मी माझ्या गावी होतो. परतलो तर काका गच्चीवर, समोर बोईचं ताट.

"काका, तुम्ही इथे कसे?"

"गेलोच नाय. एकदा दुर्बीन घालून बगितला ना सगला? आता गिलतोय मी. परत कशाला बगाचा?"

"अहो, बघायचं नाही, कापून काढायचं होतं!"

"दुर्बिनीन बगतान रं, कापतान नाय." त्यांनी गळ्यातली दुर्बीण माझ्यापुढे धरली. "हिनं कवा कोनाचा काय कापलाय काय?"

क्षणभर मला हसू आलं. मग जिना उतरून खाली धावलो. वही आणून मी पुन्हा सगळं सांगितलं. पण आता ते ऐकेनात. "गावची पालखी होऊ दे," म्हणाले. पालखी झाली, घास पुन्हा अडकू लागला, तेव्हा आम्ही गेलो. नव्या तपासणीत रोग यकृतापर्यंत पोचलेला दिसला. सर्जनांनी फाइल हलकेच मिटली. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका सांगत, "माझ्या ग्राजुएटनं सगला समजावला व्हता. मीच नाय गेलो." मी दाराशी मान खाली घालून उभा असे. एकदा धीर करून म्हणालो, "काका, त्या दिवशी जिन्यात मी नीट..." त्यांनी हातानेच थांबवलं. "चा पी. थंड हुईल." स्वतः ते गार झालेला चहा चमच्याने घेत होते.

दुर्बीण आता माझ्याकडे आहे. काकींनीच दिली. संध्याकाळी गच्चीवर जातो, खाडीकडे बघतो. आधी सगळं धूसर असतं. चाकावर बोट ठेवलं की त्यांचा आवाज आठवतो, "काय दिसतं, सांग मना." समोरच्याने सांगेपर्यंत चाक सोडायचं नाही, एवढं त्यांना न शिकता कळत होतं. त्या जिन्यात मीही त्यांना विचारायला हवं होतं, काका, काय समजलं, सांगा मला.