ओतूरचं न नांगरलेलं रान

रमेशभावजींचा गावाहून, पेठहून फोन आला, "वहिनी, परवा ट्रॅक्टर येतोय. तुमचाबी तुकडा नांगरून घेऊ का?"

माझा नवरा, अनिल असता तर त्यानेच उत्तर दिलं असतं. तो फाल्गुनात गेला आणि ती जमीन माझ्या नावावर आली. "उद्या सांगते," म्हटलं आणि सकाळी ओतूरची वाट धरली. तिथे अनिलचा कॉलेजमित्र दत्ता राहतो. दत्ताच्या शेतात दोघांनी मिळून नांगरणी बंद करून पाहिली होती. त्या शेतापायी अनिलचे कितीतरी रविवार ओतूरला गेले. ते रविवार माझे होते असं मला वाटायचं, म्हणून मी कधी बरोबर गेले नाही.

आमच्याकडून नाशिककडे जाणारी कुठलीही एसटी चालते. बायकांना अर्धं तिकीट आहे. वाटेतलं पेठ मागे गेलं, मी उतरले नाही. नारायणगावला मिसळ जरूर खा, पण टोमॅटोच्या गाड्यांमधून रस्ता ओलांडताना जपा. तिथून ओतूरपर्यंत जीपने गेले. जीप भरल्याशिवाय हलत नाही.

"सरका ताई, अजून एक बसंल," ड्रायव्हर म्हणाला.

"आता तुज्या मांडीवर बसू का?" मागून एक आजी ओरडल्या, आणि गाडी सुटली.

दत्ताच्या बायकोने, सुनंदाने, आल्याआल्या चहा दिला. बिनसाखरेचा. "भाऊ असाच घ्यायचे की! म्हून तुमालाबी तसाच केला."

घरी अनिलला दोन चमचे साखर लागायची. मी चहा संपवला.

शेतात बांधाच्या पलीकडे दत्ताच्या चुलतभावाचं नांगरलेलं रान होतं. सोयाबीननंतर दोन्हीकडे हरभराच पेरलेला. पलीकडे तणाची दाट हिरवी साय आली होती, त्यात हरभरा शोधावा लागत होता. अलीकडे सोयाबीनची धसकटं तशीच उभी, मधून हरभऱ्याच्या ओळी, आणि तण अगदी तुरळक.

दत्ता म्हणाला, "वहिनी, तणाचं बी खाली वर्षानुवर्षं पडून असतं. नांगरानं ते वर येतं, उजेड मिळाला की फुटतं. आमी ते वर आणतच न्हाई. वरच्या थरात व्हतं ते उगवून संपत आलं. हरळी तेवढी बांधावरनं घुसते, ती ऐकत न्हाई."

"पहिल्या वर्षीपण असंच होतं?"

सुनंदा हसायलाच लागली. "पहिल्या वर्षी? सारं बी वरच पडलेलं! असलं तण माजलं, गाव यांना गवताचे बागाईतदार म्हणायचं. भाऊ आन् आमी विळं घिऊन बसायचो. उपटायचं न्हाई, माती हलती. फुलावर यायच्या आत बुडातनं कापायचं. भाऊ गाणी म्हणायचे."

"अनिल? गाणी?"

"लई बेसूर!" असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

घरी त्याने साधी ओळही गुणगुणली नव्हती. मला सुनंदाचा हेवा वाटला, दत्ताचा वाटला, त्या धसकटांचासुद्धा वाटला. जेवायचा आग्रह झाला, पण मला तिथे थांबवेना.

ओतूरच्या स्टँडवरून फोन केला. "भावजी, माझा तुकडा नांगरू नका. हरभरा तसाच पेरा."

"वहिनी, तण लई येईल. लोक हसतील. काढणार कोण?"

"मी."

"विळा धरता येतो का?"

"नाही. जाऊबाईंना सांगा, शिकवा म्हणून."

भावजी म्हणाले, "बरं. तुमची जमीन हाये."

घरी येऊन पंधरवडा झाला. तुम्ही गेलात तर दोन्ही रानांच्या मधल्या बांधावर नक्की उभे राहा, तिथे सांगायला कुणी लागत नाही. मला मात्र इतक्यात पुन्हा जाववणार नाही. त्या घराने माझं काही वाईट केलेलं नाही, हे समजतं. तरी हेवा गेलेला नाही.

काल भावजींनी पेठचा फोटो पाठवला. माझ्या तुकड्यात हरभऱ्याच्या आधी तणच वर आलंय. खाली लिहिलं होतं, "सांगितलं व्हतं."

मी कळवलं, "कुणाला हात लावू देऊ नका. ते माझं आहे."