वळणावरची शिट्टी

परवा राजूरच्या फाटकापाशी तापलेल्या रुळांचा, वंगणाचा वास आला आणि मी लहानपणीच्या एका दुपारी, रुळांच्या वळणावर जाऊन पोहोचले.

रूळ तपासणाऱ्या बाबांचा डबा घेऊन गेले होते. गाडी दिसताच शिट्टी मारणारा त्यांचा जोडीदार पाण्याला गेलेला. बाबा एकटेच वाकून घण मारत होते. एकाएकी ते उठले आणि मला ओढत खाली उतरले. वळणामागून कोळशाची गाडी धडधडत गेली.

"शिट्टी आयकली ना वं?"

मी काहीच ऐकलं नव्हतं.

"शामराव व्हता," बाबा हळूच म्हणाले.

पुढे कळलं, बाबांच्या टोळीतला शामराव त्याच्या काही वर्षं आधी तिथंच काम करताना गाडीखाली गेला होता. तेव्हा कुणापाशीच शिट्टी नव्हती. पहाऱ्याचा माणूस आणि त्याच्या गळ्यातली शिट्टी, दोन्ही शामरावाच्या मरणानंतर आली.