तीन नंबरची खिडकी

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला, कल्याणच्या रेशन कचेरीत, तीन नंबरच्या खिडकीवर. ती स्वतः तिथं नव्हतीच. सातवा महिना, पहिलं बाळंतपण, म्हणून डोंबिवलीच्या चाळीत आमच्याकडे आलेली. तिचं नाव आमच्या कार्डावर चढवायला आई आणि मी गेलेलो.

रांगेत आमच्या पुढे शेजारीण. तिचीही लेक माहेरी आलेली, तिलाही सातवाच. सासरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागायचा. तो तिच्याकडे नव्हता, आमच्याकडेही नव्हता.

"भाऊसाहेब, तालुक्याची कचेरी पोरीच्या गावापासून आठ कोस. कोण जाणार हो आणायला?"

कारकुनाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "महिन्याभरात आणून द्या," म्हणाला, आणि नाव लिहून टाकलं.

एवढी मुभा त्याच्या हातात होती. आईला ते ठाऊक होतं, म्हणून ती मुकाट उभी. मला मात्र ते नाव चढताना बघवेना. आमच्या आधी? तिचं? मी खिशात पत्रकं घेऊन हिंडणारा, तोंड उघडलंच.

"दाखल्याशिवाय नाव? कुठल्या नियमात बसतं हे? उत्तर द्या!"

आईने कोपराने ढोसलं, पण उशीर झालेला. कारकुनाने टाक खाली ठेवला.

"बरोबर बोललात. नाही बसत. तुमचा दाखला काढा."

मागून कुणीतरी हसलं, "घ्या, पुढारी!"

शेजारणीच्या लेकीचं नाव काही त्याने खोडलं नाही.

घरी आलो. दारात आई म्हणाली, "अरे, तोंड घरी ठेवून आला असतास तर?"

दाखला हातात पडेपर्यंत गणपतीही होऊन गेले. तोवर आई आपला भात बहिणीला वाढायची आणि "मला आज भूक नाही" म्हणायची. फळीच्या भिंतीपलीकडे भात शिजला की माझा नुसता जळफळाट. एकदा शेजारणीने वाटीभर पेज पाठवली, तूप घालून. बहिणीने मिटक्या मारत संपवली, वाटी बोटाने पुसली. त्या वाटीचा जेवढा हेवा वाटला, तेवढा कार्डाचाही वाटला नव्हता.

मग मी पत्रक काढलं: 'रेशन कचेरीतला वशिला!' माझं खिडकीवरचं वाक्य त्यात गाळलं. वशिला नव्हताच. तो कारकून शेजारणीला ओळखतही नव्हता.

पण म्हणून तो दोषातून सुटत नाही. मुभा द्यायची की नाही हे त्याने अर्जावर लिहिलेले माझ्या बहिणीचे दिवस बघून ठरवायचं होतं. ठरवलं माझं तोंड बघून.

वाचकहो, तुमच्यापैकी जो कुणी उद्या अशा खिडकीआड बसेल त्याला माझं सांगणं आहे. माझ्यासारखा उद्धट समोर आला तर खुशाल झापा, कचेरीबाहेर काढा. पण आधी त्याच्या बहिणीचं नाव लिहा.