लसणाचं तेल
लसूण घालून तेल कढवलं, की मला राजापेठेतला तो दवाखाना आठवतो. दुसरा गर्भपात झाल्यावर मी विश्रांतीला अमरावतीला माहेरी आले होते आणि तिथंच माझी डावी पोटरी सुजून टणक झाली. सोनोग्राफीत शिरेमध्ये रक्ताची गुठळी दिसली. दोनदा गर्भ टिकला नाही, त्यात ही गुठळी, म्हणजे रक्तातच काही बिघाड असेल, म्हणून डॉक्टरीणबाईंनी रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडींची तपासणी सांगितली. सिस्टर रक्त काढत होती, तेवढ्यात बाईंची नजर माझ्या तेलकट पायावर गेली. "पाय कोणी चोळला?" "मीच," आई कौतुकानं म्हणाली, "लसणाचं तेल लावून रोज घोट्यापासून वर ओढून राहिली ना. पोरीले बरं वाटे." बाई खुर्ची ओढून आईसमोर बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "चोळताना गुठळी सुटून फुफ्फुसात गेली असती, तर ही तुमच्या हातातच गेली असती." आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. माझ्या हाताच्या शिरेत सुई होती, ती मला जाणवेना. रिपोर्टात अँटिबॉडी निघाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही होत्याच. खोट माझ्या रक्तात होती, हे मी आईला कितीदा समजावलं. आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, पाय बरा आहे. परवा ती अकोल्याला माझ्याकडे आली, तेव्हा डोकं दुखतं म्हणून मी तिच्यापुढं जाऊन बसले. तिनं तेल कोमट केलं, वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "तूच लाव, बाई."